सक्ती, भरती आणि सोळाशे मीटर

मुलुंड पूर्वेच्या संभाजी मैदानावर पहाटे साडेपाचला गेलं की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी चालायला लावलेली. दुसरी, भरतीची तयारी करणारी पोरं. ही पोरं मोबाइलवर वेळ लावून फेऱ्या मारतात. सैन्याच्या शारीरिक चाचणीत सोळाशे मीटरला पूर्ण गुण हवे असतील तर साडेपाच मिनिटांची कसोटी आजवर सगळ्यांच्या तोंडी आहे. पोलीस भरतीलाही सोळाशेच मीटर, त्यामुळे एका सरावात दोन्ही अर्जांची सोय होते. कुणी 'पाच पस्तीसला आलो' म्हणतो, दुसरा विचारतो, 'बीम किती?' दहा बीम, म्हणजे पुल-अप, काढले की गडी निम्मा सुटला.

बाकावर बसलेल्या चालणाऱ्यांचा विषय वेगळा असतो. 'सगळ्यांनाच दोन वर्षं मिलिटरीत धाडलं पाहिजे, मग बघा कसे सरळ होतात.' हे वाक्य मी या मैदानावर इतक्या वेळा ऐकलं आहे की बोलणाऱ्याचा चेहरा आता आठवत नाही. ते ज्यांच्याबद्दल बोललं जातं ती मुलं त्या वेळी घरी झोपलेली असतात, आणि समोर धावणाऱ्यांना कुणी सक्ती केलेली नसते. त्यांची भीती उलटी आहे, आपल्याला घेतीलच ना, ही.

तरुणांना लष्करी सेवा सक्तीची असावी का, या वादाचा आढावा घ्यायचा तर हे दोन गट एकाच मैदानावर आहेत याचा विसर पडू देता कामा नये.

मागची शंभर वर्षं

हिंदुस्थानी माणसावर सक्तीची लष्करभरती इंग्रजांनीही लादली नाही. पण सैन्यात जावं की नाही, कोणत्या अटीवर जावं, हा वाद मुंबईला जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, १० जून १९१८ रोजी, गव्हर्नर विलिंग्डन यांनी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये प्रांतिक युद्ध परिषद बोलावली. माणसं देऊ, पण स्वराज्याचे हक्क आणि सैन्यात अधिकाराच्या जागा मिळाल्या पाहिजेत, ही टिळकांची भूमिका होती. त्यांना बोलताना मध्येच थांबवण्यात आलं आणि ते सभात्याग करून निघून गेले. त्याच वर्षी गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सैन्यभरतीसाठी माणसं मागत होते आणि त्यांना फारशी मिळत नव्हती. अहिंसेचा पुरस्कर्ता भरतीसाठी फिरतो आणि जहाल नेता अटी घालतो, हे चित्र आजच्या ठरीव गटांत बसत नाही.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा महाराष्ट्रात तीन वाटा दिसतात. डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं होतं आणि सावरकर हिंदू तरुणांना लष्करात जा म्हणून सांगत होते. डॉ. आंबेडकरांचा आग्रह निराळ्या कारणासाठी होता. बंद केलेली महारांची भरती पुन्हा सुरू व्हावी, कारण सैन्याची नोकरी हे त्या समाजाच्या हाती लागलेल्या मोजक्या साधनांपैकी एक होतं. ते स्वतः सुभेदाराचे पुत्र. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिसरी वाट राष्ट्र सेवा दलाची. त्याचीही स्थापना १९४१ चीच. कवायत, शिस्त, संचलन सगळं होतं, बंदूक नव्हती. आजच्या वादातले देशरक्षण, सामाजिक प्रतिष्ठा आणि नागरी शिस्त हे तिन्ही मुद्दे तेव्हाच मांडून झाले होते.

होमगार्डची सुरुवातही मुंबईचीच. जातीय दंगली पेटलेल्या असताना ६ डिसेंबर १९४६ रोजी मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने हे स्वयंसेवी दल उभं राहिलं. पुढे ते देशभर गेलं.

पाच वर्षांची सक्ती

स्वतंत्र भारतात सक्तीच्या सर्वांत जवळ आपण १९६३ ते १९६८ या काळात गेलो. पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून १९४८ साली एनसीसीचा कायदा झाला होता, पण ती ऐच्छिक होती. १९६२ च्या पराभवानंतर कॉलेजच्या मुलांना ती सक्तीची झाली.

माझे वडील त्या पाच वर्षांतले. त्यांना मिळालेले बूट पायापेक्षा एका नंबराने मोठे होते आणि ते पुढे कागद कोंबून कवायतीला जात. रायफलींपेक्षा मुलं जास्त, त्यामुळे बराचसा वेळ 'विश्राम'मध्ये जाई. हजेरी लागली की मागच्या मागे सटकायची वाट सगळ्यांना माहीत होती. त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला ती गंमत वाटायची. नंतर वाचलं तेव्हा कळलं की देशभर तीच तऱ्हा होती. शिकवणारे अपुरे, साहित्य अपुरं, आणि संख्या फुगली तसा दर्जा उतरला. तमिळनाडूने हिंदीतल्या आज्ञांवरून एनसीसीच नको असा पवित्रा घेतला. १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक झाली आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, सुरू झाली. सक्तीच्या प्रत्येक चर्चेत हा अनुभव आधी काढायला हवा. बहुतेक वेळा तो कुणाच्या लक्षातच नसतो.

घटना काय सांगते

सक्ती घटनेला मुळातच अमान्य आहे, हा समज चुकीचा आहे. अनुच्छेद २३ वेठबिगारीला बंदी घालतो, पण त्याचंच दुसरं कलम सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला देतं. अट एवढीच, की केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. या यादीत 'लिंग' नाही. म्हणजे फक्त मुलांना बोलावणारा कायदा या कलमात बसू शकेल, पण समानतेच्या इतर अनुच्छेदांपुढे तो टिकेल का, हे कुणी तपासलेलं नाही, कारण तसा कायदाच झालेला नाही. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांत बोलावणं येताच देशाचं रक्षण आणि राष्ट्रीय सेवा करण्याचा उल्लेख आहे, पण कर्तव्य मोडलं म्हणून शिक्षा नाही.

एक बारीक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्राच्या अभियांत्रिकी सेवेत निवड झालेल्या उमेदवाराला गरज पडल्यास किमान चार वर्षं संरक्षण दलात किंवा त्याच्याशी निगडित पदावर काम करावं लागेल, अशी अट नियमांतच आहे. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने याच्या पुढे जाऊन सुचवलं, की केंद्र-राज्यांतली राजपत्रित नोकरी हवी असेल त्याला पाच वर्षं लष्करी सेवा सक्तीची करा. सूचना कागदावरच राहिली.

हिशेब

आपल्या देशात दर वर्षी दोन कोटींहून जास्त मुलंमुली अठरा वर्षांची होतात. तिन्ही दलं मिळून सुमारे चौदा लाख. म्हणजे एका वर्षाची अठरा वर्षांची पिढी आख्ख्या सैन्याच्या चौदापट भरते. एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेत्र्याण्णव लाखांवर होती. शेकडा दीड-दोन धरले तरी वांद्र्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत दीड लाखाच्या आसपास मुलं दर वर्षी निघतील. चार वर्षांच्या सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेत पहिल्या वर्षी सगळ्या देशातून घ्यायचे होते ४६ हजार.

पैशांचंही तसंच. या योजनेतल्या सैनिकाला, म्हणजे अग्निवीराला, पहिल्या वर्षी महिना ३० हजार ठरले. त्याच दराने दोन कोटी जणांना वर्षभर पगार द्यायचा तर ७ लाख २० हजार कोटी लागतील. २०२५-२६ चं संरक्षणाचं सगळं अंदाजपत्रक ६ लाख ८१ हजार कोटींचं होतं आणि त्यातले १ लाख ६१ हजार कोटी पेन्शनचे. सक्तीवाले म्हणतील, भरतीचा पगार कशाला, हातखर्च द्या. इतर देश तेच करतात हे खरं. पण मग घरी कमावता मुलगा एकच असलेल्या कुटुंबाचं काय, हा प्रश्न येतो, आणि तो घाटकोपरच्या चाळीत जितका टोचेल तितका अंधेरीच्या टॉवरमध्ये टोचणार नाही.

माझ्या मते हा हिशेब सरसकट सक्तीचा प्रश्न संरक्षणापुरता निकालात काढतो. सैन्याला एवढी माणसं नको आहेत. निवृत्त अधिकाऱ्यांतही मोठा गट हेच म्हणतो, की आजचं सैन्य यंत्रांचं झालं आहे, मनाविरुद्ध आलेल्या मुलाला वर्षभर शिकवून परत पाठवण्यात दोघांचाही वेळ जातो. त्यावर दुसरा गट म्हणतो की युक्रेनकडे पाहा, लांबलेल्या युद्धात राखीव शिकलेली माणसं लागतातच. हे खोडून काढता येत नाही. फक्त त्याचं उत्तर दोन कोटी नव्हे, काही लाखांची राखीव फळी असं असू शकतं. त्यासाठी १९४९ पासून टेरिटोरियल आर्मी आहे.

शिस्त लागते का?

बाकावरचा खरा मुद्दा संरक्षण नाहीच, शिस्त आहे. इथे इतर देशांतला अभ्यास कामी येतो. अर्जेंटिनात सक्तीच्या सेवेसाठी ओळखपत्राच्या शेवटच्या आकड्यांवरून सोडत निघे. त्यामुळे गेलेले आणि न गेलेले यांची स्वच्छ तुलना करता आली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सैन्यात जाऊन आलेल्यांमध्ये पुढे गुन्ह्याची नोंद होण्याचं प्रमाण किंचित वाढलेलं आढळलं. कामधंद्याला लागायला उशीर होतो, हे एक कारण अभ्यासकांनी दिलं. अमेरिकेत व्हिएतनामच्या सोडतीवरून जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९० मध्ये दाखवलं की गोऱ्या माजी सैनिकांची कमाई अनेक वर्षांनंतरही सुमारे १५ टक्के कमी होती. उलट पोर्तुगालमध्ये फक्त प्राथमिक शिक्षण झालेल्या पुरुषांना सेवेचा चार-पाच टक्के फायदा झालेला दिसला. ज्याला बाहेर काहीच मिळत नव्हतं त्याला सैन्याने काही दिलं, ज्याला मिळत होतं त्याचं थोडं हुकलं. 'सरळ होतात' या वाक्याला यातून पाठबळ मिळत नाही, पण सैन्य माणसाला बिघडवतं असंही सरसकट निघत नाही.

शिस्तीच्या बाजूचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे, तो म्हणजे सरमिसळ. उपनगरात एकाच पिन कोडमध्ये राहणारी मुलं वेगळ्या शाळा, वेगळे क्लास, वेगळ्या सोसायट्या यांत वाढतात. गारोडियानगर आणि कामराजनगर दोन्ही घाटकोपर पूर्वेलाच, पण तिथली मुलं एका ताटात कधी जेवत नाहीत. एनसीसीच्या दहा दिवसांच्या शिबिरात ती जेवतात, मग आपापलं ताट घासतात. सक्तीच्या समर्थकांतले विचारी लोक बंदुकीपेक्षा यावर भर देतात, आणि लष्कराऐवजी नागरी सेवाही चालेल म्हणतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग कोसळून १७ जण गेले. अशा वेळी वॉर्डात शिकलेली पाचशे मुलं असती तर, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे.

मात्र सक्तीची नागरी सेवा कशी चालते याचा नमुना आपल्या राज्यातच आहे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड असतो, आणि न केल्यास दहा लाख दंड भरण्याची वाट अनेक वर्षं होती. ज्याला परवडे तो भरून मोकळा होई. लष्करी सक्तीतही सुटकेच्या वाटा कुणाला सापडतील, हे विरोधक विचारतात तेव्हा त्यांच्याकडे हे उदाहरण तयार असतं. विरोधकांतला दुसरा गट विवेकाचा आहे. शस्त्र हाती घेणं ज्याच्या मनाला पटत नाही त्याला पर्याय हवा, आणि तो पर्याय शिक्षेसारखा नको. भारतात याची कायदेशीर व्याख्याच नाही.

मराठी घरं, परक्या सक्त्या

सक्ती म्हणजे काय हे काही मराठी कुटुंबांना घरचं ठाऊक आहे. कोकण, ठाणे, मुंबईतून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलींनी तिथेही मराठी टिकवली, 'मायबोली' नावाचं नियतकालिक चालवलं. त्यांची नातवंडं मात्र बारावीनंतर थेट सैन्यात जातात, मुलगे आणि मुली दोन्ही. तिथेही सक्ती सगळ्यांना सारखी नाही. कर्मठ धार्मिक तरुणांना दशकानुदशकं मिळालेली सूट बेकायदा ठरवणारा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये दिला आणि त्यावरून राजकारण अजून पेटलेलं आहे.

सिंगापूरमध्ये १९६७ पासून दोन वर्षांची राष्ट्रीय सेवा आहे. नोकरीसाठी गेलेल्या मराठी आईबापांना कायम वास्तव्याचा परवाना मिळाला तर त्यांना स्वतःला ती नसते, पण त्याच परवान्यावर वाढलेल्या मुलाला असते. मुलगा लहान असतानाच परवाना घ्यायचा की नाही, हे त्या घरांत ठरवावं लागतं. सेवा न करता परवाना सोडला तर पुढे शिक्षण-नोकरीच्या अर्जांवर परिणाम होतो.

युरोप गेली दहा वर्षं उलट्या पावली चालला आहे. स्वीडनने २०१७ मध्ये सक्ती परत आणली, पण सगळ्यांची चाचणी घेऊन मोजक्यांनाच घेतात. जर्मनीने २०११ मध्ये स्थगित केलेली सेवा आता स्वेच्छेच्या रूपाने पुन्हा उभी राहते आहे. ही सगळी छोटी राष्ट्रं किंवा घटत्या तरुणाईचे देश आहेत. त्यांच्या अडचणीचं औषध आपल्याला चालेलच असं नाही.

घाटकोपरचा अग्निवीर

भारताने सक्ती न आणता मधला रस्ता काढला तो १४ जून २०२२ रोजी. अग्निपथ योजनेत साडेसतरा ते एकवीस वयाच्या तरुणांना चार वर्षांसाठी घ्यायचं, त्यातल्या २५ टक्क्यांना कायम करायचं, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी देऊन निरोप द्यायचा. पेन्शन नाही. समर्थक म्हणतात, सैन्य तरुण राहील आणि समाजात शिस्तीची मुलं येतील. टीकाकार म्हणतात, पंचविशीच्या आत माणूस बेकार होईल आणि चार वर्षांच्या माणसात पलटणीची भावना मुरणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये योजना वैध ठरवली, एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही.

हा वाद उपनगरात आला तो मे २०२५ मध्ये. ऑपरेशन सिंदूरच्या त्या दिवसांत ७ मे रोजी मुंबईत नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. दोन दिवसांनी, ९ मे रोजी, नियंत्रण रेषेवरच्या पाकिस्तानी माऱ्यात अग्निवीर मुरली नाईक यांना वीरमरण आलं. मूळ गाव आंध्रातलं, पण कुटुंब कामराजनगरचं. वस्तीत फलक लागले. पुढे त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. नियमित जवानाच्या घरच्यांना मिळणारं कुटुंब-पेन्शन आणि इतर लाभ अग्निवीराच्या घरच्यांना का नाहीत, हा त्या याचिकेचा प्रश्न आहे. काम एक, मरण एक, मग कागद दोन का?

सक्तीच्या वादात मला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. स्वेच्छेने आलेल्याला राज्य काय देतं हे आधी ठरलं पाहिजे, मग न आलेल्याला ओढून आणण्याची भाषा करावी.

जे सुटलेलं नाही

राज्यात जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून प्राथमिक सैनिकी प्रशिक्षणाची घोषणा केली. माजी सैनिकांची मदत घेण्याचा विचार त्यात आहे. लहान वयात लष्करी वळण नको म्हणणारे एका बाजूला, व्यायाम आणि देशप्रेमच तर आहे म्हणणारे दुसऱ्या. माझी शंका साधी आहे. उपनगरातल्या किती शाळांना कवायतीपुरतं मैदान आहे?

मुलींचा प्रश्न तर नीट विचारलाही गेलेला नाही. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तरी सक्तीची चर्चा अजून 'पोरांना' धरूनच चालते. विवेकाच्या कारणाने नकार देणाऱ्याचं काय, एकट्या कमावत्याचं काय, नागरी सेवा चालेल की नाही, यांतलं काहीच ठरलेलं नाही. सक्तीची मागणी करणाऱ्यांनी या प्रश्नांसह एखादा मसुदा समोर ठेवला तर वाद पुढे सरकेल. आज आहे ती नुसती इच्छा.

भूदलातल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. तिची चार वर्षं जानेवारी २०२७ च्या सुमारास भरतात, आणि दर चौघांतले तिघे घरी परततात.